पिंक फ्लॉइडमध्ये रिक राईट नुसता मागे बसून कीबोर्ड वाजवायचा का?

तुम्ही विचारलंय की बासवादक रॉजर वॉटर्स आणि गिटारवादक डेव्हिड गिलमोर असताना रिक राईटने पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडमध्ये नक्की केलं काय आणि त्याला मध्येच काढलं का. माझं मत सरळ आहे, राईट नसता तर पिंक फ्लॉइडचा तो आवाजच आला नसता.

१९७१ चं एकोज हे गाणं लावा. सुरुवातीला पियानोचा एकच वरचा सूर, तो लेस्ली स्पीकरमधून काढलाय, त्यात आत हॉर्न गरागरा फिरतो म्हणून सूर थरथरत थेंबासारखा टपकतो, आणि पुढची तेवीसेक मिनिटं त्याच्यावर उभी राहतात. अस अँड देम या गाण्याची चाल तर त्याने आधी एका सिनेमासाठी पियानोवर बसवली होती, दिग्दर्शक अँटोनिओनीला ती फार उदास वाटली, नको म्हणाला, मग १९७३ च्या डार्क साईड ऑफ द मून अल्बममध्ये आली. त्याच अल्बमच्या ब्रीदमधला एक कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) त्याने जॅझवाल्या माईल्स डेव्हिसच्या काईंड ऑफ ब्लू अल्बमवरून उचलला, हे तो स्वतःच सांगायचा. लहानपणापासून जॅझचं वेड, त्यामुळे नुसता बडवायचा नाही, जागा सोडायचा, आणि गिलमोरची गिटार त्या जागेतच खुलते.

काढलं ते १९७९ ला, द वॉलच्या वेळी. त्याचं लग्न मोडत होतं, अल्बमसाठी त्याच्याकडून फारसं काही येत नव्हतं, सुट्टी सोडून रेकॉर्डिंगला लवकर ये म्हटलं तर आला नाही, आणि वॉटर्स अडून बसला की हा राहणार असेल तर अल्बम निघणार नाही. तरी १९८०-८१ चे शो राईटने पगारी वादक म्हणून वाजवले. शो इतके खर्चिक होते की बाकी तिघं, म्हणजे वॉटर्स, गिलमोर आणि ड्रमर निक मेसन, तोट्यात गेले आणि पैसे मिळाले ते यालाच! पण म्हणून ते योग्य होतं असं मी अजिबात म्हणणार नाही, ज्याने बँड सुरू केला त्याला पगारावर ठेवणं मला आजही खटकतं. १९८३ च्या द फायनल कटवर तर तो नाहीच.

वॉटर्स गेल्यावर १९८७ ला परत आला, पण तेव्हाही पगारीच. खरा परतला तो १९९४ च्या डिव्हिजन बेलला, पाच गाण्यांत त्याचं नाव आहे आणि वेअरिंग द इनसाईड आउट तर गायलंयही त्यानेच. २००५ ला लाईव्ह ८ या मदतीसाठीच्या कॉन्सर्टमध्ये चौघं लंडनला पुन्हा एका स्टेजवर आले, २००६ ला गिलमोरच्या टूरवर होता, आणि २००८ मध्ये कॅन्सरने गेला, ६५ वर्षांचा होता फक्त.

नव्याने ऐकत असाल तर शाईन ऑन यू क्रेझी डायमंडचा अगदी शेवटचा भाग हेडफोन लावून ऐका. तो एकट्या राईटचा आहे, आणि संपता संपता मिनीमूग सिंथेसायझरवर तो सी एमिली प्लेची ओळ हळूच वाजवतो, बँडचा सुरुवातीचा गायक-गिटारवादक सिड बॅरेटचं १९६७ चं गाणं.