टाको कुरकुरीत हवेत? आधी खिम्याचं पाणी आटवा

पहिल्या खेपेला टाको (सारण भरून दुमडलेली मेक्सिकन पोळी) मऊ पडले म्हणून हिरमुसू नका. दोष बहुतेक वेळा तेलाचा नसतो, ओल्या खिम्याचा असतो. अर्धा किलो बीफचा खिमा पसरट कढईत मोठ्या आचेवर टाका आणि सारखं ढवळत बसू नका. आधी पाणी सुटेल, कढई नुसती खदखदेल. ते आटून चरचर ऐकू यायला लागली, की खरा रंग चढतो. जिरेपूड, तिखट, लसूण, ओरेगानो त्यानंतरच. सुटलेली जादा चरबी काढून टाका.

टॉर्टिया, म्हणजे टाकोची पातळ पोळी, मक्याचीच घ्या. थंड असताना दुमडली तर मधोमध चिरते, म्हणून तव्यावर दोन्ही बाजूंनी २० सेकंद शेकून घ्या. आत खिमा दोनच चमचे (जास्त भरायचा मोह मला अजून आवरत नाही). बोटभर तेल १८० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलं, की दुमडलेला टाको त्यात सोडून चिमट्याने दाबून धरा. आकार धरला की उलटा.

काढल्यावर कागदावर आडवे पसरू नका, जाळीवर तोंड खाली करून ठेवा, म्हणजे आतलं तेलही निथळतं. लेट्यूस, चीज, साल्सा (टोमॅटोची मेक्सिकन चटणी) अगदी खाताना.