घरातल्यांना पॉझिटिव्ह कसं ठेवू? नाशिकच्या सिडकोतल्या एका ताईंची केस

"मॅडम, घरात सगळ्यांना पॉझिटिव्ह कसं ठेवायचं?" हा प्रश्न मला 2020 पासून सतत येतोय, आणि विचारणारी जवळपास नेहमी घरातली बाईच असते. मी स्वतः कशी नीट राहू असं फार कमी जणी विचारतात, बाकीच्यांना कसं ठेवू हेच विचारतात. अजूनही कुठे नवीन व्हायरसची बातमी आली की असे फोन सुरू होतात. म्हणून एक केस सांगते. ताईंची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

एप्रिल 2021, कोविडची दुसरी लाट. नाशिककरांना तो महिना वेगळा सांगायची गरज नाही. रेमडेसिविर इंजेक्शनच्या रांगा, बेडसाठी ओळखीपाळखीच्यांना फोन, रात्री अपरात्री अँब्युलन्स, किराणा सकाळी 7 ते 11. त्यात 21 तारखेला महापालिकेच्या हॉस्पिटलात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि 22 पेशंट गेले, त्यानंतर तर शहराचा धीरच सुटला. त्याच आठवड्यात ताईंचा फोन आला. सिडकोत छोटा फ्लॅट, यजमान अंबडच्या एका कंपनीत, सासूबाई सत्तरीच्या आणि शुगरच्या पेशंट, मुलगी दहावीला.

ताईंनी घरात पॉझिटिव्ह राहायची पूर्ण सिस्टीम लावली होती. टीव्हीवर बातम्या बंद, आजाराचं नाव काढायचं नाही, सकाळी सगळ्यांनी प्राणायाम, मग काढा, रात्री प्रत्येकाने वहीत आज काय चांगलं झालं ते लिहायचं. आणि मुख्य नियम, घरात कोणी रडायचं नाही. हे सगळं त्या मला अभिमानाने सांगत होत्या आणि सांगता सांगता म्हणाल्या, "पण मॅडम मलाच जमत नाहीये, मी रात्री अडीचला उठून आईंच्या बोटाला ऑक्सिमीटर लावते."

मी म्हटलं, आईंना काही होतंय का? खोकला, ताप? काही नाही. मग रक्तातल्या ऑक्सिजनचं रीडिंग किती येतं? कधी 97, आणि एकदा 90 आलं तेव्हा सगळं घर उठवलं, यजमानांनी गाडी काढली, तोवर परत लावलं तर 96. सासूबाई कूलरसमोर झोपलेल्या, बोटं गार पडलेली. गार बोटांवर, नेलपॉलिशवर ते मशीन चुकीचं दाखवू शकतं. बोट चोळून गरम करून, मिनिटभर शांत बसून बघायचं आणि तरीही 94 च्या खाली असेल तर डॉक्टरांना फोन लावायचा, हे तेव्हा डॉक्टर घसा फोडून सांगत होते. पण अडीच वाजता हे कोणाला आठवणार. काहीच लक्षण नसलेल्या माणसाला झोपेत ऑक्सिमीटर लावायचा नाही एवढं आमचं पहिल्या दिवशी ठरलं. ते त्यांना लगेच जमलं असं अजिबात नाही, काही दिवस मशीन यजमानांच्या कपाटात ठेवावं लागलं.

आता यजमानांचं ऐका. हे गृहस्थ बातम्यांशिवाय राहू शकत नव्हते, मग कंपनीतून आल्यावर खाली पार्किंगमध्ये गाडीवर बसून मोबाईलवर अर्धा अर्धा तास बातम्या बघायचे आणि वर येऊन, काही नाही, सगळं ठीक, असं म्हणायचे. मुलगी रात्रभर मोबाईलवर. सासूबाई गप्प. म्हणजे नियम सगळे पाळत होते पण प्रत्येक जण आपापल्या कोपऱ्यात घाबरत होता, आणि एकमेकांना ते दिसतही होतं. मला स्वतःला हा प्रकार आजारापेक्षा कमी त्रासाचा वाटत नाही.

डॅनिअल वेगनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा 1987 मधला एक प्रयोग आहे. लोकांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच मनात तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या, आणि नंतर विचार करायची मोकळीक दिल्यावर तर आधी दाबणाऱ्यांच्या मनात अस्वल जास्तच यायला लागलं. ताईंच्या घरात आजाराचं नाव काढायचं नाही म्हटल्यावर दुसरं काय होणार होतं! हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या जरा वेळ काही बोलल्याच नाहीत, आणि मग खरी गोष्ट बाहेर आली.

निफाडला सासूबाईंची धाकटी बहीण राहायची. ती चार दिवसांपूर्वी कोविडने गेली होती आणि हे सासूबाईंना सांगितलंच नव्हतं. "त्यांना धक्का बसेल, शुगर वाढेल, निगेटिव्ह होतील." सासूबाई रोज बहिणीला फोन लावायच्या, लागायचा नाही, मग नातेवाईक सांगायचे की नेटवर्क नाहीये, ती झोपलीय, मोबाईल बिघडलाय. त्या काळात किती घरांत हे झालंय! बायकोला नवरा गेल्याचं आठवड्याने कळलंय, आयसीयूतून घरी आलेल्या मुलाला वडील गेल्याचं घरी आल्यावर. पेशंट खरोखर अत्यवस्थ असेल तर कधी सांगायचं हे डॉक्टरांना विचारून ठरवावं, ते मला मान्य आहे. पण घरात हिंडत्या फिरत्या माणसापासून त्याच्या बहिणीचं मरण लपवायचं आणि त्याला सकारात्मकता म्हणायचं, हे मला पटत नाही.

ताईंना ते सांगणं म्हणजे फार मोठं संकट वाटत होतं. आम्ही फोनवर ठरवलं की सांगायचं यजमानांनीच, कारण त्यांची ती मावशी. संध्याकाळी नको, सकाळी, नाश्ता आणि गोळी झाल्यावर, म्हणजे पुढे सगळा दिवस सोबतीला असतो. आधी गोलगोल बोलून हॉस्पिटलात आहे, सिरीयस आहे असं पायरीपायरीने खोटं नाही, सरळ "आई, मावशी गेली." त्यानंतर त्या जे विचारतील त्याचं खरं उत्तर, आणि रडल्या तर कोणीही रडू नका म्हणायचं नाही.

सांगितलं. त्या रडल्या, आणि मग चिडल्या. "माझी बहीण गेली आणि मलाच सांगायचं नाही, हे ठरवणारे तुम्ही कोण?" दोन दिवस सुनेशी बोलल्या नाहीत. ताईंचा मला फोन, मॅडम तुमचं ऐकून घरातलं होतं नव्हतं ते पण गेलं. मी म्हटलं, थांबा, त्यांचा राग रास्त आहे, त्याला उत्तर देत बसू नका, चहा नेऊन द्या आणि चुकलं म्हणा. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच भाच्याला फोन लावायला सांगितला आणि तासभर बोलल्या. दहाव्याला एरवी सगळे रामकुंडावर गेले असते, पण निर्बंधांमुळे भाचा आणि अजून दोघंच गेले, त्याने तिथून व्हिडिओ कॉल लावला. सासूबाईंनी घरी आंघोळ करून, बसून सगळं पाहिलं. शुगर जरा वाढली, डॉक्टरांनी फोनवर गोळी बदलून दिली. घाबरण्यासारखं काही झालं नाही.

मुलीकडे मात्र या सगळ्यात कोणाचं लक्षच गेलं नव्हतं. 20 एप्रिलला दहावीची परीक्षा रद्द झाल्याचं जाहीर झालं आणि घरात सगळे म्हणाले, बरं झालं सुटलीस! तिने वर्षभर ऑनलाईन क्लास करून, कुठलाही आवाज चालू असताना त्या छोट्या घरात अभ्यास केला होता आणि तिला ते सुटल्यासारखं अजिबात वाटलं नव्हतं. पुढे नववीचे मार्क धरणार असं कळल्यावर तर अजूनच, नववीत तिने टाईमपास केला होता. मी तिच्याशी वेगळं बोलले तेव्हा ती म्हणाली, मॅम, लोक मरतायत आणि मी पेपरसाठी रडतेय, मला लाज वाटते. मी तिला एवढंच सांगितलं की दोन्हीचं वाईट वाटू शकतं, रांग लावायची गरज नाही. मग आईबाबांनी तिला विचारलं की कोणत्या विषयात किती येतील असं तुला वाटत होतं, आणि नुसतं ऐकलं. एवढं केलं तरी पुष्कळ असतं, लगेच क्लास, करिअर, पुढचं प्लॅनिंग असलं काही काढायचं नाही.

बाकी जे केलं ते अगदी साधं. बातम्या परत सुरू केल्या, पण दिवसातून दोनदा, पंधरा मिनिटं, सगळ्यांनी एकत्र बसून, पार्किंग बंद. मार्च 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पण हेच सांगितलं होतं, ठरलेल्या वेळी एकदा दोनदाच माहिती घ्या. मुलीची उठायची वेळ ठरवली, झोपायची नाही, कारण झोपायची वेळ ठरवून झोप येत नसते. तिच्याकडे किराण्याची यादी आणि आजीच्या गोळ्यांचं काम दिलं. संध्याकाळी मास्क लावून गच्चीवर चक्कर. प्राणायाम ज्याला आवडतो त्यानेच करायचा, सासूबाईंनी आनंदाने सोडला.

आणि ताईंसाठी चिंतेची वेळ. हे ऐकून त्या हसल्याच. 1983 मध्ये थॉमस बोर्कोवेक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली, रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी अर्धा तास फक्त काळजी करायची, आणि दिवसभरात काळजी आली की तिला सांगायचं, नंतर ये. ताईंनी साडेपाचची वेळ घेतली, गॅलरीत स्टूल आणि वही. झोपायच्या जरा आधी नाही घ्यायची, हे महत्त्वाचं. सुरुवातीला वही भरायची, पैसे, यजमानांना कंपनीत लागण झाली तर, मी आजारी पडले तर स्वयंपाक कोण करेल. नंतर नंतर अर्धा तास पुरून उरायला लागला. त्या स्वयंपाकाच्या चिंतेतून तर मुलगी आणि यजमान दोघं वरणभात शिकले.

भीती गेली का? नाही. मे महिनाभर त्या घाबरलेल्याच होत्या आणि घाबरण्यासारखंच होतं सगळं. पण त्या रात्री पाच सहा तास झोपायला लागल्या आणि घरात भीतीबद्दल बोलता यायला लागलं, मला तेवढं पुरेसं वाटलं.

आता एक सांगायचं राहिलं. हे सगळं घरगुती पातळीवरचं आहे. दोन आठवड्यांहून जास्त मन सतत खाली असेल, जेवण झोप पार बिघडली असेल, कामं होत नसतील, तर सायकियाट्रिस्टला दाखवा, गोळ्या लागल्या तर घ्या, त्यात कमीपणा नाही. आणि जगू नये असे विचार येत असतील तर दोन आठवडे मोजत बसू नका, त्याच दिवशी मदत घ्या आणि त्या माणसाला एकटं सोडू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा 14416 हा सरकारी नंबर ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. ताईंच्या वेळी तो नव्हता. फोन लावून काय बोलायचं सुचत नसेल तर झोप येत नाही एवढंच म्हणा, पुढचं ते विचारतात.