टिपणी मुलाची, निर्णय मंत्र्यांचा

घणसोलीच्या एका आईंचं पत्र आहे. मुलगा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, डोक्यात यूपीएससी. मंत्रालयातून निवृत्त झालेले मामा म्हणतात, ‘मंत्री सांगतील तिथे सही, नाहीतर बदली.’ आईंचा प्रश्न : मुलगा सरळमार्गी आहे, निभाव लागेल का? की बँकेची परीक्षा बरी?

ताई, मामा बदलीचं खोटं बोलत नाहीत. 2005च्या राज्याच्या कायद्याप्रमाणे एका पदावर साधारण तीन वर्षं मिळतात. पण कारण लिहून त्याआधीही हलवता येतं, आणि हलवतातच. बदल्या बँकेतही चुकत नाहीत म्हणा.

सहीचं मात्र तसं नाही. फाईल कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, सचिव अशी चढत मंत्र्यांकडे जाते आणि वाटेत प्रत्येकाचं मत टिपणीत, म्हणजे फाईलवरच्या लेखी नोंदीत, उतरतं. सचिवांनी ‘हे योग्य नाही’ लिहिलं तरी मंत्री उलट निर्णय देऊ शकतात. लोकांनी त्यांना निवडून दिलंय. निर्णय कायद्यात बसत असेल, तर तो कुरकुर न करता राबवायचा. सरदार पटेलांनी ऑक्टोबर 1949मध्ये संविधान सभेत हेच सांगितलं होतं : माझ्या मताविरुद्ध टिपणी लिहायची माझ्या सचिवांना मोकळीक आहे. अधिकारी अडकतो तो केबिनमध्ये नुसती मान डोलावून आला की. तोंडी आदेश आला, तर तो लेखी पक्का करून घ्यावा असं अखिल भारतीय सेवांच्या (आयएएस, आयपीएस वगैरे) 1968च्या आचार नियमांतच आहे. ‘साहेब, आपण सांगितल्याप्रमाणे टिपणी सादर करतो,’ एवढं नम्रपणे म्हणता आलं पाहिजे.

ठाणे महापालिकेची चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्था आहे, तिथे त्याला एकदा घेऊन जा. देशमुख दोन्ही खुर्च्यांवर बसलेले : आधी आयसीएस अधिकारी, मग केंद्रात अर्थमंत्री. 1956मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडलं.

आणि या रविवारी त्याला एक काम द्या. तुमच्याच गावठाणातली ‘गरजेपोटी बांधलेली घरं’, म्हणजे प्रकल्पग्रस्तांनी कुटुंब वाढलं म्हणून परवानगीविना बांधलेली, विषय म्हणून घ्यायची. पहिल्या पानावर आपलं मत, कारणांसकट. दुसऱ्या पानावर, मंत्र्यांनी नेमका उलटा निर्णय दिलाय असं धरून तो कसा राबवायचा ते. पहिलं पान बहुतेक मुलं झटक्यात लिहितात. दुसऱ्यावर हात अडला, चिडचिड झाली, तर बँकेचा अर्ज जरूर भरा.