बिस्मथ सबनायट्रेट पाण्यात किती विरघळतं हे प्रयोगशाळेत कसं मोजायचं? माझं उत्तर दर वेळी वेगळं का येतंय?

तुमच्या प्रश्नातली माहिती आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही लातूरजवळच्या कॉलेजात एमएस्सीचा प्रकल्प करताय. ०.५, १ आणि २ ग्रॅम बिस्मथ सबनायट्रेट प्रत्येकी १०० मिली डिस्टिल्ड पाण्यात टाकलं, तासभर हलवलं, व्हॉटमन १ नंबरच्या कागदातून गाळलं, उरलेला साका वाळवून तोलला आणि जेवढं वजन घटलं तेवढं विरघळलं असं धरलं. पावडर दुप्पट घेतली की 'विद्राव्यता'ही जवळपास दुप्पट येते, म्हणून तुम्ही गोंधळलात.

हे दुप्पट होणं हाच मुख्य धागा आहे. साधा, न बदलणारा पदार्थ असेल तर तळाशी अर्धा ग्रॅम उरला काय आणि दोन ग्रॅम उरले काय, वरच्या पाण्यातलं प्रमाण तेच राहतं. ते बदलत असेल तर पदार्थ नुसता विरघळत नाही, पाण्याशी अभिक्रिया करतोय असं समजा. बिस्मथच्या बहुतेक क्षारांचं हेच आहे. सबनायट्रेटमध्ये पाच बिस्मथ अणूंमागे चार नायट्रेट असतात. पाण्यात पडलं की त्यातले काही नायट्रेट सुटतात, त्यांची जागा हायड्रॉक्साइड घेतं आणि पाण्यात नायट्रिक आम्ल तयार होतं. ओल्या पावडरीला निळा लिटमस लावला तर तो लाल होतो, तो यामुळेच.

याचा तुमच्या वजनावर काय परिणाम होतो ते आकड्यात बघा. सबनायट्रेटचं रेणुभार १४६२ धरा. समजा फक्त दहावा हिस्सा नायट्रेट सुटला आणि बिस्मथचा एक कणही विरघळला नाही. ६२ वजनाचा नायट्रेट जाऊन १७ वजनाचा हायड्रॉक्साइड आला, म्हणजे प्रत्येक अदलाबदलीत ४५ ची घट. एका ग्रॅममागे ती सुमारे १२ मिलिग्रॅम होते. तुमच्या वहीत '१२० मिलिग्रॅम प्रति लिटर' अशी नोंद होईल आणि ती पूर्ण खोटी असेल. त्याच वेळी १०० मिली पाण्याचा पीएच २.६ च्या आसपास उतरलेला असेल. दोन ग्रॅम घेतले तर हीच घट साधारण दुप्पट दिसणार. शिवाय ९ सेंटिमीटरचा गाळण कागद हवेतला ओलावा धरून सोडताना २०-३० मिलिग्रॅमने सहज हलतो. म्हणून वजन-घटीची पद्धत या कामाला सोडून द्या. मोजायचं ते वरच्या द्रवातलं बिस्मथ, आणि सोबत त्या द्रवाचा पीएच. पीएच न लिहिलेला बिस्मथच्या विद्राव्यतेचा आकडा कोणाच्याच उपयोगाचा नाही.

आता पाणी. आपल्याकडे कॉलेजच्या डिस्टिलेशनला बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी घालतात. भांड्यात क्षार साचले, पाणी उसळलं की थोडं क्लोराइड वाफेबरोबर पलीकडे जातं. क्लोराइड बिस्मथला ऑक्सिक्लोराइड म्हणून खाली बसवतं आणि ते सबनायट्रेटपेक्षाही कमी विरघळतं. लिटरला ३५ मिलिग्रॅम क्लोराइड सुमारे २०९ मिलिग्रॅम बिस्मथ बांधू शकतं, तेव्हा हा किरकोळ मुद्दा नाही. १० मिली पाण्यात दोन थेंब नायट्रिक आम्ल आणि काही थेंब ०.१ मोलर सिल्व्हर नायट्रेट टाका. काळ्या कागदासमोर धरून जराही दुधाळ दिसलं तर ते पाणी घेऊ नका. घरगुती आरओचं पाणी तर अजिबात नको. चांगलं पाणी मिळालं की १५ मिनिटं उकळा आणि झाकून थंड करा, म्हणजे विरघळलेला कार्बन डायऑक्साइड जाईल. तो राहिला तर कार्बोनेटचा वेगळाच साका मध्ये येतो.

बाटल्या पॉलिप्रॉपिलीनच्या, फिरकीच्या झाकणाच्या, १२५ मिलीच्या घ्या. रात्रभर १० टक्के नायट्रिक आम्लात भिजवून धुवा, हायड्रोक्लोरिक आम्लाने नाही. पावडर १०५ अंशावर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, पण खलात घोटू नका. फार बारीक कण जास्त विरघळल्यासारखे दिसतात आणि गाळणीतून निसटतात.

मांडणी अशी करा: ०.१, ०.५ आणि २ ग्रॅमच्या प्रत्येकी तीन बाटल्या, प्रत्येकीत १०० मिली पाणी, आणि पावडर न घातलेली एक ब्लँक बाटली. हा झाला पाण्याचा स्वतःचा पीएच ठरू देणारा संच. दुसरा संच ०.५ ग्रॅमचाच ठेवा, पण त्यात पीएच तुम्ही ठरवा, उदाहरणार्थ २, ३, ४ आणि ५. तो पातळ नायट्रिक आम्लाने किंवा पातळ कॉस्टिक सोड्याने जुळवा आणि रोज तपासून पुन्हा जागेवर आणा. इथे तयार बफर वापरायचा मोह होतो, तो टाळा. सायट्रेट बिस्मथला पकडून विरघळवतं आणि आकडा फुगतो, फॉस्फेट त्याचा साका पाडतं आणि आकडा पडतो. दोन्हीत तुम्ही बफर मोजत बसता.

पीएच मीटरचा इलेक्ट्रोड थेट बाटलीत बुडवू नका. त्याच्या आतलं पोटॅशियम क्लोराइड झिरपतं, आणि क्लोराइड काय करतं ते वर लिहिलंच आहे. ५-१० मिली द्रव वेगळ्या नळीत काढून मोजा आणि तो फेकून द्या. ४ च्या खालचे पीएच मोजायचे तर मीटर १.६८ आणि ४.०० च्या बफरवर जुळवा, ४ आणि ७ वर नाही.

तापमान हा मराठवाड्यातला खरा त्रास. 'खोलीचं तापमान' असं पुस्तकात असतं, पण आपल्याकडे मे महिन्यात प्रयोगशाळा ३८-४० अंशांवर असते आणि डिसेंबरात सकाळी त्याच्या निम्म्याहून खाली. साधी वॉटर बाथ फक्त तापवते, थंड करू शकत नाही. बाहेर ३८ असताना ती २५ वर कधीच येणार नाही. मायक्रोबायोलॉजी विभागात बीओडी इनक्युबेटर असतो, त्याला कॉम्प्रेसर असतो. त्यात २५ अंशावर जागा मागून घ्या. छोटा शेकर आत बसला तर उत्तम, नाहीतर दिवसातून काही ठरलेल्या वेळी हाताने उलटसुलट हलवा आणि वेळ लिहा. लाईट गेली तर किती वेळ गेली आणि आतल्या थर्मामीटरवर किती अंश होते तेही लिहा. अहवालात ही नोंद असणं कमीपणाचं नाही. ती नसेल तर मात्र आकड्यावर विश्वास कसा ठेवायचा?

एक तास फार अपुरा आहे. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या १०५ क्रमांकाच्या, पाण्यातली विद्राव्यता मोजायच्या मार्गदर्शक पद्धतीत फ्लास्क आधी ३० अंशांवर हलवून मग २० अंशांवर स्थिरावू देतात, आणि शेवटच्या दोन फ्लास्कमधला फरक १५ टक्क्यांहून जास्त नसेल तर समतोल आला, म्हणजे आता आणखी विरघळत नाही, असं मानतात. पाण्याशी अभिक्रिया करणाऱ्या या पदार्थाला मी आधी तापवणार नाही, कारण उष्णतेने ही अभिक्रिया पुढे सरकते. सगळा वेळ २५ वरच ठेवा आणि १, २, ३ आणि ७ दिवसांनी नमुना काढा. १५ टक्क्यांची कसोटी मात्र तीच लावा. हात आणि वेळ असेल तर उलट दिशेनेही या: बिस्मथ नायट्रेट पातळ नायट्रिक आम्लात विरघळवून ०.०५ मोलर कॉस्टिक सोडा थेंबथेंब घालत त्याच पीएचला आणा आणि तेवढेच दिवस ठेवा. दोन्ही बाजूंचे आकडे जवळ आले तर तुमचं काम पक्कं. नाही आले तर तळाशी वेगवेगळे घन पदार्थ बसलेत.

गाळण्यात सगळ्यात जास्त जण फसतात. व्हॉटमन १ सुमारे ११ मायक्रॉनचे कण अडवतो, ४२ नंबरचा सुमारे २.५ मायक्रॉनचे. बिस्मथचे बारीक कण दोन्हीतून बिनदिक्कत जातात. आधी ४००० आरपीएमवर ३० मिनिटं सेंट्रिफ्यूज करा, मग वरचा द्रव ०.२२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून काढा. पहिले ५ मिली टाकून द्या, कारण कोरडी गाळणी सुरुवातीला थोडं बिस्मथ स्वतःकडे ठेवते. गाळलेल्या द्रवातून अंधारात लेझर पॉइंटर सोडून बघा. किरणाची रेघ दिसली तर अजून कलिल कण (द्रवात तरंगणारे अतिसूक्ष्म घन कण) आहेत, आणि तुम्ही मोजणार ते 'विरघळलेलं' नव्हे. हे सगळं द्रव २५ अंशावर असतानाच उरका. गाळल्या गाळल्या ५० मिलीला १ मिली सांद्र नायट्रिक आम्ल घाला, नाहीतर तासाभरात बिस्मथ बाटलीच्या भिंतीला चिकटू लागतं.

मोजण्यासाठी लिटरला १०० मिलिग्रॅमच्या वर बिस्मथ असेल तर ईडीटीएचं (बिस्मथला एकास एक बांधणाऱ्या अभिकर्मकाचं) टायट्रेशन पुरेसं. पीएच १ ते १.५, इंडिकेटर झायलेनॉल ऑरेंज, लालसर जांभळ्यावरून पिवळा झाला की थांबा. ०.०१ मोलरचा १ मिली म्हणजे २.०९ मिलिग्रॅम बिस्मथ. त्याहून कमी असेल तर ब्युरेटचं रीडिंग इतकं छोटं येतं की वाचनाची चूकच मोठी ठरते. तिथे आयोडाइडचा रंग वापरा. अल्कलॉइड ओळखायच्या ड्रॅगेनडॉर्फ अभिकर्मकात जो नारिंगी रंग दिसतो तोच हा, फक्त इथे आपण बिस्मथ मोजतोय.

२५ मिलीच्या फ्लास्कमध्ये १० मिली नमुना, ५ मिली गंधकाम्ल (१ भाग आम्ल ४ भाग पाण्यात हळूहळू ओतून थंड केलेलं), १ मिली ताजं १० टक्के अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, ५ मिली २० टक्के पोटॅशियम आयोडाइड, मग खुणेपर्यंत पाणी. १० मिनिटांनी ४६० नॅनोमीटरवर ब्लँकसमोर वाचा. अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल विसरलात तर आयोडीन सुटून ब्लँकच पिवळा होतो आणि आकडा उगाच वाढतो. आयोडाइड कमी पडलं तर काळपट साका दिसेल.

स्टँडर्डसाठी ०.१००० ग्रॅम बिस्मथ धातू १० मिली अर्ध्या-अर्ध्या नायट्रिक आम्लात कोमट करून विरघळवा, आणखी ३० मिली सांद्र नायट्रिक आम्ल घाला आणि १ लिटर करा. हे झालं १०० मिलिग्रॅम प्रति लिटर. त्यातून ०.५, १, २, ३ आणि ५ मिली घेतलं की २५ मिलीत २ ते २० मिलिग्रॅम प्रति लिटरची रेषा मिळते. मूळ स्टँडर्ड पातळ करून ठेवायचं असेल तर नुसत्या पाण्याने नाही, पातळ नायट्रिक आम्लानेच करा. पाण्याने केलं की तेही दुधाळ होतं, आणि ज्या गोष्टीचा अभ्यास चाललाय तीच तुमच्या मोजपट्टीत घडते.

हिशेब फक्त रीतीसाठी दाखवतो, आकडा मोजलेला नाही. फ्लास्कमध्ये ६.४ मिलिग्रॅम प्रति लिटर आलं तर २.५ ने गुणा (१० मिली नमुन्याचे २५ मिली केले म्हणून), १६.०. आम्ल घातल्यामुळे ५० चे ५१ मिली झाले, म्हणून ५१ भागिले ५० ने गुणा, १६.३ मिलिग्रॅम बिस्मथ प्रति लिटर. सबनायट्रेटमध्ये बिस्मथ ७१.५ टक्के, त्याने भागून २२.८ असं लिहिण्याची पद्धत आहे. पण नायट्रेट आणि बिस्मथ एकाच प्रमाणात विरघळत नाहीत, म्हणून माझ्या मते 'बिस्मथ म्हणून १६.३' हेच लिहावं आणि शेजारी पीएच, तापमान, दिवस आणि सुरुवातीचे ग्रॅम. औषधकोशाच्या भाषेत १०,००० भाग पाण्यातही न विरघळणारा, म्हणजे लिटरला १०० मिलिग्रॅमच्या खाली, तो 'जवळजवळ अविद्राव्य'. तुमच्या मार्गदर्शकांना एवढंच वर्णन हवं असेल तर आधी विचारून घ्या, बरीच मेहनत वाचेल.

रंगही दिसेनासा झाला तर अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शनवर २२३.१ नॅनोमीटरला बघा. माती परीक्षणाच्या प्रयोगशाळांत हे यंत्र जस्त-लोहासाठी असतं, पण बिस्मथचा दिवा लागतो, म्हणून जाण्याआधी फोन करून विचारा. त्याहूनही खाली आयसीपी-एमएस, म्हणजे धातूंचं अत्यल्प प्रमाण मोजणारं यंत्र. तळाचा साका मात्र फेकू नका. हवेत वाळवून मूळ पावडरीसोबत एक्सआरडीला (क्ष-किरणांनी घनाची स्फटिकरचना ओळखणाऱ्या चाचणीला) द्या. दोन्हींचे आलेख जुळले नाहीत तर तुमचा आकडा नव्या तयार झालेल्या घनाचा आहे, आणि अहवालात तसंच लिहायला हवं.

पुढे सबसॅलिसिलेट घेणार असाल तर तिथे फेरिक क्लोराइडने येणारा जांभळा रंग सॅलिसिलेटचा असतो, बिस्मथचा नाही. दोन्ही वेगवेगळे मोजा. सबसायट्रेटचा कलिल प्रकार पाण्यात सहज उतरतो, त्याला ही पद्धत जशीच्या तशी लावू नका.