काय वाचून राह्यले?

चि. ...,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. सोबतची यादी नीटनेटकी आहे, परंतु तिच्यातील सगळीच पुस्तके वाचून संपलेली असल्यामुळे त्यांच्याविषयी तुझ्याशी बोलायला मला जागा सापडली नाही. आपल्या वऱ्हाडीत कोणी ‘काय वाचता?’ असे विचारत नाही. ‘काय वाचून राह्यले?’ असे विचारतात. प्रश्नातच क्रिया चालू असते, म्हणून उत्तरही हातात असलेल्या अर्धवट पुस्तकाचेच द्यावे.

माझे सांगतो. पहाटे ‘लीळाचरित्र’ असते. आपल्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूरला म्हाइंभटांनी तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी (त्यांनाच लीळा म्हणतात), ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांच्याकडून गोळा करून हा ग्रंथ सिद्ध केला. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली प्रत घेऊन मी बसतो, पण रोज दोन-तीन लीळांच्या पुढे जात नाही. वाक्य ओळखीचे वाटते आणि नेमके क्रियापदापाशी अडवते. अडलेला शब्द शब्दकोशाआधी शेजारच्या आजींना विचारतो, आणि पुष्कळदा तो त्यांच्या बोलण्यात अजून जिवंत सापडतो.

दुपारी उद्धव शेळके यांची 1960 सालची ‘धग’ ही कादंबरी तिसऱ्यांदा चालू आहे. तरुणपणी तिच्यातील नायिका कौतिकच्या हालअपेष्टांसाठी वाचली होती. आता कथा ठाऊक असल्याने केवळ संवाद ऐकत वाचतो. रात्री महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’. नाटक एकट्याने मनात वाचू नये असे माझे ठाम मत आहे, म्हणून आम्ही तिघे ओसरीवर बसून भूमिका वाटून घेतो. त्या वाड्यासमोर पडून राहिलेल्या ट्रॅक्टरचा उल्लेख आला की आमचे वाचन थांबते, कारण असे अंगण गावात आहे आणि ते कोणाचे हे तिघांनाही ठाऊक आहे. मारुती चितमपल्ली यांच्या जंगलाच्या पुस्तकांना मात्र वेळ ठरलेली नाही. शेतात निघण्यापूर्वी कोणतेही पान उघडतो.

कोणाला सांगताना ‘छान आहे’ असा निकाल देऊ नकोस; कुठे अडलीस ते सांग. निकालापुढे समोरचा फक्त मान डोलावतो. वाचनालयात मी एकदा बोलून गेलो की पुस्तकातला एक पक्षी काही केल्या ओळखता येत नाही, तर वर्तमानपत्र चाळायला आलेल्या एका सालदाराने त्याचा आवाज तिथल्या तिथे काढून दाखवला. मोठेपणासाठी नावे घेण्याच्या फंदातही पडू नकोस. मी एका सभेत तत्त्वज्ञानाच्या जाड ग्रंथाचे नाव घेतले होते, वाचली होती केवळ प्रस्तावना. एका श्रोत्याने दुसऱ्या भागाविषयी विचारले आणि मला पाणी पिण्यावाचून गत्यंतर उरले नाही. स्पर्धा परीक्षेचे मार्गदर्शक पुस्तक तू यादीतून लपवलेस, हे मला कळले. सहा महिने जे वाचत आहेस तेच गाळून कसे चालेल? त्यात शेतसाऱ्याचा इतिहास असेल, तर मला त्याविषयी विचारायचे आहे.

पुढच्या पत्रात यादी नको, पानाचा क्रमांक लिही. आणि संक्रांतीला गावी आलीस तर रात्री ओसरीवर ये. आमच्यात वहिनीची भूमिका वाचायला कोणी नाही.

तुझा,
गुरुजी