जनावरे वाढतील, पण जातील कुठे?

विश्रामबाग, सांगली

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तू पाठवलेला आराखडा मी सावकाश वाचला. ऑनलाइन गेममध्ये खेळाडूंनी प्राणी गोळा करावेत, त्यांच्या जोड्या लावाव्यात आणि पिल्लांतून नवे रंग व नवे गुण मिळवावेत ही कल्पना चांगली आहे, आणि रंगांचे तक्ते, दुर्मीळ जातींची यादी व अंड्यांची चित्रे यांवर तू घेतलेली मेहनतही दिसते. मात्र जन्मलेला प्राणी पुढे कोणते काम करणार आणि शेवटी कुठे जाणार, याविषयी त्यात एक ओळही नाही. पैदाशीची व्यवस्था तगणार की कोसळणार हे माझ्या मते याच दोन उत्तरांवर ठरते, म्हणून पत्राचा बराचसा भाग त्यांनाच देतो.

आधी हिशेब पाहू. तुझ्या नियमांप्रमाणे एका जोडीला आठवड्याला एक पिल्लू होते आणि ते पिल्लू पुढच्या आठवड्यापासून स्वतः जोडीला लावता येते. सगळे प्राणी जोडीला लागले तर कळप दर आठवड्याला दीडपट होतो. दोन प्राण्यांपासून सुरुवात करणाऱ्या खेळाडूच्या दावणीला बारा आठवड्यांनी सुमारे २६० प्राणी उभे असतील. असे हजार खेळाडू धरले तर अडीच लाखांहून अधिक प्राणी झाले, आणि त्यांतले बहुतेक कुणाला ना कुणाला विकायचे आहेत. नवे खेळाडू मात्र काही दर आठवड्याला दीडपट होत नाहीत. महिन्या-दीड महिन्यात साध्या प्राण्याला कुणी फुकटही घेणार नाही आणि नवख्या खेळाडूने पहिली जोडी लावण्यातला आनंद तिथेच संपेल.

'आयुष्यात इतक्याच वेळा पैदास' अशी मर्यादा घातली की प्रश्न सुटतो, असे अनेकांना वाटते. 'ॲक्सी इन्फिनिटी' या खेळात ही मर्यादा सात वेळांची आहे. सात हा आकडा लहान वाटतो, पण एका जोडीची सात पिल्ले म्हणजे पुढची पिढी आधीच्या साडेतीनपट, आणि याच गतीने पाच पिढ्यांत संख्या पाचशेपटींच्या वर जाते. तिथे पैदाशीसाठी खेळातच मिळणारे एक नाणे खर्चावे लागे आणि त्या नाण्याचा मुख्य खप पैदास हाच होता, तर पैदाशीला गिऱ्हाईक नव्या खेळाडूंचेच होते. २०२१ मध्ये फिलिपिन्समध्ये अनेक जण तो खेळ रोजगारासारखा खेळत होते. पुढे नव्या लोकांचा ओघ आटला आणि २०२२ मध्ये त्या नाण्याचा भाव मातीमोल झाला. त्याआधी, २०१७ च्या नोव्हेंबरात आलेल्या 'क्रिप्टोकिटीज' या आभासी मांजरांच्या खेळाने तर महिन्याभरात, तो ज्यावर चालत असे त्या इथेरियम या आभासी चलनाचे सारे जाळे तुंबवले होते. तिथल्या मांजरांना करण्यासारखे दुसरे काहीच नव्हते. त्यांची पैदास करायची आणि ती विकायची, एवढेच. उत्साह ओसरल्यावर त्या मांजरांचे काय करावे हे फारसे कुणाला सुचले नाही, यात नवल नाही.

मर्यादा घालायचीच असेल तर ती दोन वेळांची घाल, म्हणजे पुढची पिढी आधीच्या पिढीएवढीच राहील. तरीही जुने प्राणी उरतातच. म्हणून केवळ जन्म आवरून भागत नाही, प्राण्याला काम द्यावे लागते.

खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेत भरणारा खिलार जनावरांचा बाजार तू आटपाडीकडची असल्याने लहानपणापासून पाहिला असशील. तिथे खोंडाची किंमत तो किती दुर्मीळ आहे यावर ठरत नाही. तो औताला चालेल, गाडीला चालेल की शर्यतीला, हे आधी पाहतात. ट्रॅक्टर आले तशी औताच्या बैलाची मागणी घटली. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या, तेव्हा चपळ खोंड नुसता बांधून सांभाळणे अनेकांना जड जाऊ लागले. २०२१ च्या डिसेंबरात अटींसह परवानगी मिळाली, २०२३ मध्ये घटनापीठाने शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदा वैध ठरवला, आणि अशा खोंडाला पुन्हा लाखांची बोली लागू लागली. या साऱ्या वर्षांत खिलारचे रक्त बदलले नव्हते, गुणही बदलले नव्हते.

तेव्हा तुझ्या गेममध्ये प्राण्यांना निदान चार निरनिराळी कामे असू देत, आणि ती अशी निवड की एका कामाला उपयोगी पडणारा गुण दुसऱ्या कामात आडवा येईल. घाटातून ओझे वाहायला जड हाडापेराचा प्राणी हवा, पण तो धावण्यात मागे पडावा. रात्री राखण करणारा सावध प्राणी हवा, पण तो गर्दीच्या बाजारात बुजावा. असे केले की सर्वोत्तम प्राणी नावाची गोष्टच उरत नाही आणि पैदाशीला शेवट येत नाही. सगळेच गुण जास्तीत जास्त असलेला एकच आदर्श प्राणी तुझ्या आत्ताच्या तक्त्यात आहे. पहिल्या हुशार खेळाडूने तो तयार केला की बाकीच्यांनी त्याची नक्कल करायची, एवढाच खेळ उरेल. हंगाम बदलला की कामांची मागणी बदलावी, हेही त्यात घालता येईल. पावसाळ्यात ओझ्याच्या प्राण्याचा भाव चढावा आणि सुगीनंतर धावणाऱ्याचा. पण हे पहिल्याच आवृत्तीत नको, चारही कामे आधी नीट चालू देत.

'पोकेमॉन'चे उदाहरण तू दिले आहेस, ते योग्यच आहे, पण नुसत्या पैदाशीच्या ओढीवर खेळ टिकतो, हा त्यातून तू घेतलेला बोध मला पटला नाही. १९९६ च्या पहिल्या खेळात पैदास नव्हतीच, ती १९९९ च्या आवृत्तीत आली. तिसऱ्या पिढीपासून तिथे सहा गुणांपैकी प्रत्येकाला ० ते ३१ असा जन्मजात अंक असतो आणि कसलेले खेळाडू सहाही ठिकाणी ३१ मिळवण्यासाठी धडपडतात. २०१३ मध्ये एका वस्तूच्या साहाय्याने आईबापांच्या बारा अंकांपैकी पाच हमखास पिल्लात उतरवण्याची सोय झाली आणि ही धडपड पुष्कळ सोपी झाली. तरीही खेळ टिकला, कारण तिथे पिल्लू लढतीसाठी असते, आणि उरलेली पिल्ले सोडून दिल्याने कुणाचा बाजार बसत नाही. तुझ्या गेममध्ये सामाईक बाजार आहे, त्यामुळे सोडून दिलेल्या आणि न सोडलेल्या प्रत्येक प्राण्याचा भार सगळ्यांवर पडतो.

आता आनुवंशिकतेकडे येतो. मेंडेलने वाटाण्यावर केलेले प्रयोग १८६६ मध्ये प्रसिद्ध केले, तीच चौकट तुला पुरेशी आहे: प्रत्येक गुणाचे दोन अंश, एक आईकडून व एक बापाकडून, आणि त्यांतला एक प्रभावी. दिसण्यात नसलेला रंग दोन पिढ्यांनी अचानक वर आला की खेळाडूला जो आनंद होतो तो या साध्या नियमातूनच येतो, त्यासाठी गुंतागुंतीची सूत्रे लागत नाहीत. सहा अवयव आणि प्रत्येकाचे आठ प्रकार घेतलेस तर ४८ चित्रांतून २,६२,१४४ वेगवेगळे प्राणी तयार होतात. अर्थात डोळ्यांना एवढे भेद जाणवत नाहीत. अंगलट, शिंगे आणि रंग या तिन्हींवर चित्रकाराचा जास्त वेळ खर्च कर, शेपटीच्या गोंड्यावर नको.

छुपे गुण पूर्णपणे छुपे ठेवू नकोस आणि आकड्यांत उघडेही मांडू नकोस. बाजारात जाणता माणूस खोंडाचे दात पाहून तो आदत (दुधाचे दात असलेला) आहे की दुसा (दोन कायमचे दात आलेला) हे सांगतो, खूर आणि शिंगांची ठेवण पाहतो, अंगावरचे भोवरे शोधतो, चार पावले चालवून पाहतो आणि मग वळू कोणता होता असे विचारतो. यातले सगळेच ठोकताळे खरे असतात असे नाही (भोवऱ्यांविषयी मला स्वतःला शंकाच आहे), पण पाहून पाहून येणारी ही पारख हेच त्या बाजाराचे निम्मे सुख आहे. तुझ्या प्राण्याच्या चालीत, कानांच्या ठेवणीत, खाण्याच्या सवयीत छुप्या गुणांची चाहूल लागू दे. ती नेहमीच अचूक नसावी, मात्र लक्ष देणाऱ्या खेळाडूला ती काही महिन्यांत वाचता यावी.

नशिबाचा भाग मात्र मोजून ठेव. सहा गुणांपैकी प्रत्येकात दोन अंशांपैकी एक ठरावीक अंशच उतरायला हवा असेल, तर हवे तसे पिल्लू ६४ पैकी एक. ६४ पिल्ले केली म्हणजे ते मिळालेच असे खेळाडू समजतो. प्रत्यक्षात तेवढ्या पिल्लांनंतरही शंभरातले छत्तीस-सदतीस जण रिकाम्या हाताने बसलेले असतात आणि २०० पिल्लांनंतरही चौघांना ते मिळालेले नसते. हे चौघे गेम सोडून जातात आणि जाताना इतरांनाही सांगतात. यावर मला सुचणारा उपाय असा: खेळाडूला हवा तो एक गुण पिल्लात निश्चित उतरवण्याची मुभा दे, पण त्याची किंमत म्हणून तो गुण देणारा आई किंवा बाप त्यानंतर पैदाशीतून कायमचा निवृत्त व्हावा. एक गुण निश्चित झाला की शक्यता ३२ पैकी एक होते, दोन झाले की १६ पैकी एक. दुर्दैवाचा डंख कमी होतो आणि त्याच व्यवहारात एक जनावर पैदाशीतून बाहेर पडते. आराखड्यातला एकच नियम बदलायला मिळाला, तर मी हाच बदलेन.

निवृत्त प्राण्याला मारू नकोस आणि पुसूही नकोस. १९९६ च्या तामागोचीतला प्राणी दुर्लक्ष केले तर मरत असे. तिथे तो एकटाच होता आणि तेच त्या खेळण्याचे वेगळेपण होते. तुझ्या खेळाडूने दोनशे प्राण्यांतल्या ज्या चार-पाच जणांना नावे दिली असतील, त्यांना त्याच्या परवानगीशिवाय सर्व्हरने हात लावू नये. निवृत्तांसाठी एक कुरण असावे, तिथे जागेची मर्यादा नसावी, आणि प्रत्येकाची वंशावळ संग्रहात कायम दिसावी. नाव न दिलेल्यांना मात्र गेममधल्या खेड्यांना देऊन त्याबदल्यात चारा किंवा औषध घेता यावे.

सख्ख्या भावंडांची आणि आईबाप-पिल्लांची जोडी लावू देऊ नकोस. त्यामुळे खेळाडूला दुसऱ्याच्या दारात जावेच लागते. तिथे विक्रीबरोबर वळू लावण्याची सोयही ठेव: मालकाने प्राणी स्वतःकडेच ठेवावा, ठरलेला मोबदला घ्यावा, आणि पिल्लाच्या वंशावळीत त्याच्या प्राण्याचे नाव कायम राहावे. बाजारात मागच्या व्यवहारांचे भाव सर्वांना दिसू देत. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून सौदा करण्याची रीत पाहायला मोठी मजेची आहे, पण ऑनलाइन खेळात अशा झाकलेल्या भावाने नवखा माणूस नाडला जातो.

तांत्रिक बाजू थोडक्यात. गुण चित्रात नव्हे, अंकांत साठव. आठ गुण, प्रत्येकाचे दोन अंश, प्रत्येक अंशाला चार बिट, असा अख्खा प्राणी ६४ बिटांत मावतो. सोबत आईबापांचे क्रमांक आणि जन्माच्या वेळी लागू असलेल्या नियमांची आवृत्ती हवीच, नाहीतर उद्या नियम बदललास की जुन्या प्राण्यांचा उलगडा होणार नाही. पिल्लाची सोडत सर्व्हरवरच काढ, खेळाडूच्या मोबाइलवर कधीही नाही. मालकी बदलणे आणि पैसे वळते होणे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये व्हावे. मध्ये वीज गेली तरी एक प्राणी दोघांच्या दावणीला दिसता कामा नये.

पैशाबाबत तुझा आराखडा मला काळजीत टाकतो. रोख रक्कम देऊन बंद अंडे घ्यायचे आणि आत काय निघते ते पाहायचे, या प्रकाराला बेल्जियमने २०१८ मध्ये जुगाराच्या कायद्याखाली आणले. आपल्याकडे २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून पैसे मिळवण्याच्या खेळांवर बंदी घातली आहे, म्हणून प्राण्याचे रुपयांत रूपांतर करण्याची वाट कुठेही उघडी ठेवू नकोस. सजावट विक, कुरणाची कुंपणे विक, नशीब विकू नकोस. तुझे बरेच खेळाडू अठरा वर्षांखालचे असतील आणि २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात त्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे, तेव्हा नोंदणीचा भाग वकिलाला दाखवून घे.

पुढचे चित्र काढण्याआधी एक छोटा प्रोग्राम लिही. त्यात हजार काल्पनिक खेळाडू घे. काही रोज येणारे, बरेचसे आठवड्यातून एकदा येणारे आणि थोडे केवळ नफ्यासाठी जोड्या लावणारे. वर्षभराचे ५२ आठवडे चालव आणि दर आठवड्याला एकूण प्राणी, कामावर असलेले प्राणी, निवृत्त प्राणी आणि साध्या प्राण्याचा भाव एवढे चारच आकडे छाप. पैदाशीची मर्यादा दोन, तीन आणि सात धरून तीन वेळा चालव आणि निकाल मला पाठव. चाऱ्याचा खर्च किती ठेवायचा, ते त्यावरून ठरवू.

कळावे.
तुझे सर