मुलीला उघडून खटपट करता येईल असा जुन्या धाटणीचा कॉम्प्युटर कोणता घ्यावा?

सातवीतल्या मुलीसाठी विचारताय, तर मी 'पिकोमाइट व्हीजीए' सुचवेन. रास्पबेरी पाय पिको हा बोटाएवढा बोर्ड, त्यावर एमएमबेसिक (बेसिक या सोप्या प्रोग्रॅमिंग भाषेचा एक अवतार), बाहेरून मोजके रेझिस्टर-डायोड असे छोटे इलेक्ट्रॉनिक भाग, कीबोर्ड आणि अडगळीतला जुना मॉनिटर. मेमरी अवघी २६४ केबी! पण बटण दाबलं की पुढच्या क्षणी बेसिकचा कर्सर लुकलुकतो. अपडेट नाही, लॉगिन नाही. १९८१च्या बीबीसी मायक्रो या ब्रिटिश कॉम्प्युटरचा (३२ केबी) थाट हाच होता. १९८४ साली आपल्याकडे 'क्लास' या संगणक-शिक्षणाच्या सरकारी योजनेत शाळांमध्ये तीच यंत्रं आली होती.

खरी गंमत पिकोच्या कडेच्या पिनांत, म्हणजे वायर जोडायच्या टोकांत आहे. एका पिनेला ३३० ओहमचा रेझिस्टर आणि एलईडी लावा, ती पिन आउटपुट करा आणि तिला १ द्या. दिवा लागतो! ० दिलं की विझतो. मग पोरं स्वतःच विचारतात, "आता हा आपोआप लुकलुकेल का?" लूप (तीच आज्ञा पुन्हा पुन्हा चालवणं) तिथे समजतो, पुस्तकात नाही. फक्त पिनेला ५ व्होल्ट जोडू नका, तिची झेप ३.३ पर्यंतच. माझा एक बोर्ड असाच गेलाय.

हे भाग जोडायचं सोल्डरिंग (डाग देणं) नको असेल तर रास्पबेरी पाय ४०० घ्या. अख्खा कॉम्प्युटर कीबोर्डातच आहे आणि मागे ४० पिना. मात्र त्यावर यूट्यूबही चालतं, हे आधीच सांगून ठेवतो. स्पेक्ट्रम वगैरे ऐंशीच्या दशकातले जुने, खरेखुरे कॉम्प्युटर शोधत बसू नका. दुरुस्तीतच सुट्टी संपेल.